लिस्ट संथ का होते, आणि मोनॅड वापरून तिचा वेग कसा वाढवायचा

मोनॅड म्हणजे गणनेच्या पायऱ्या एकापुढे एक जोडण्याचा साचा. त्याचा साहचर्याचा नियम सांगतो की पुढच्या दोन ओळींचं उत्तर एकच येतं.

(म >>= फ) >>= ग
म >>= (\क → फ क >>= ग)

दोन्ही ओळींतली जोडणारी खूण म्हणजे बाइंड: डावीकडचा निकाल उजवीकडच्या फंक्शनला देणं. कंस कुठेही टाका, अर्थ बदलत नाही. पण खर्चाबद्दल हा नियम चकार शब्द काढत नाही, आणि लिस्टच्या बाबतीत खर्च कधीकधी हजारो पटींनी बदलतो. फंक्शनल कोडमध्ये लिस्ट रेंगाळायला लागली की लोक थेट ॲरेकडे धाव घेतात. माझं मत असं की त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: अटींची चाळणी उशिरा लागते आहे का, आणि जोडणीचे कंस डावीकडे साचले आहेत का. दोन्ही दुरुस्त्या मोनॅडच्या आडून करता येतात. वरचा कोड जवळपास तसाच ठेवून आतलं रूप बदलायचं, एवढंच काम असतं.

उदाहरणं हॅस्केलच्या धाटणीची आहेत, फक्त नावं देवनागरीत लिहिली आहेत. वाचकाला डू-ब्लॉक आणि बाइंड माहीत आहेत असं धरलं आहे.

पहिली पायरी: खर्च कुठे होतो ते ओळखा आणि मोजा

लिस्ट म्हणजे एकमेकींना जोडलेल्या पेशी. पुढे एक घटक लावणं, म्हणजे क : श, याला स्थिर खर्च येतो. अ ++ ब करताना मात्र अ ची प्रत्येक पेशी नव्याने बनते. ब ला हात लागत नाही, ती जशीच्या तशी वापरली जाते. म्हणजे ++ चा खर्च फक्त डाव्या बाजूच्या लांबीवर ठरतो. या लेखातलं बरंचसं याच एका वाक्यावर उभं आहे.

मेमरीचाही हिशेब डोक्यात असू द्या. ६४-बिट मशीनवर जीएचसी कंपायलरमध्ये लिस्टची एक पेशी २४ बाइट घेते आणि तिच्यातला पूर्णांक वेगळा साठवला असेल तर आणखी १६. दहा लाख पूर्णांकांची लिस्ट अख्खी मेमरीत उभी राहिली तर सुमारे ४ कोटी बाइट लागतात. तेच अनबॉक्स्ड ॲरेमध्ये (मूल्यं थेट सलग साठवणाऱ्या ॲरेमध्ये) ८० लाखांत मावतात. मात्र आळशी मूल्यमापनामुळे (गरज पडेपर्यंत हिशेब न करण्यामुळे) लिस्ट बनता बनताच खर्ची पडत असेल, तर ती कधीच अख्खी उभी राहत नाही, आणि मग हा फरक बराचसा निघून जातो.

मोजताना ऑप्टिमायझेशन चालू करून बनवलेला प्रोग्रॅमच मोजा. जीएचसीआयमधल्या (जीएचसीच्या संवादी इंटरप्रिटरमधल्या) वेळेवरून निष्कर्ष काढू नका, तिथे कोड सहसा ऑप्टिमायझेशनशिवाय इंटरप्रिट होतो. दुसरं, निकाल पूर्ण वापरला जाईल याची खात्री करा, नाहीतर आळशीपणामुळे पहिली पेशी तयार होताच घड्याळ थांबेल आणि तुम्ही काहीच मोजलेलं नसेल. मी वेळेपेक्षा रनटाइमच्या आकडेवारीतलं एकूण ॲलोकेशन (मागितलेली मेमरी) आधी बघतो, कारण मशीनवर दुसरं काय चालू आहे याने तो आकडा हलत नाही. इनपुट दुप्पट करा. ॲलोकेशन दुप्पट झालं तर ठीक. चौपट झालं तर कुठेतरी वर्गाचा खर्च, म्हणजे लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा खर्च, लपला आहे.

दुसरी पायरी: गार्ड जितका वर नेता येईल तितका न्या

गार्ड म्हणजे अट खोटी ठरली तर ती वाट तिथेच बंद करणारी ओळ. लिस्ट मोनॅडचा सगळ्यात मोठा उपयोग शोधासाठी होतो, आणि वेगातला सगळ्यात मोठा फायदाही तिथेच मिळतो. आठ राण्यांचं कोडं घ्या: ८ × ८ च्या पटावर आठ राण्या अशा मांडायच्या की कोणीच कोणाला मारू शकणार नाही. सरळ लिहिलं तर असं होतं:

राण्या = डू
  र१ ← [१..८]
  र२ ← [१..८]
  (असंच र८ पर्यंत)
  गार्ड (सगळ्या_सुरक्षित [र१, र२, र३, र४, र५, र६, र७, र८])
  रिटर्न [र१, र२, र३, र४, र५, र६, र७, र८]

उत्तर बरोबर येतं, पण गार्डपाशी पोहोचायला १,६७,७७,२१६ मांडण्या तयार होतात. पहिल्या दोन राण्या एकाच स्तंभात असल्या तरी उरलेल्या सहांचे सगळे पर्याय इमानेइतबारे फिरवले जातात. आता हे बघा:

मांड ० = रिटर्न []
मांड न = डू
  आधीच्या ← मांड (न - १)
  र ← [१..८]
  गार्ड (सुरक्षित र आधीच्या)
  रिटर्न (र : आधीच्या)

ओळीगणिक तग धरणाऱ्या मांडण्या अशा: ८, ४२, १४०, ३४४, ५६८, ५५०, ३१२ आणि शेवटी ९२. रिकामा पट धरून एकूण २,०५७. सुरक्षिततेची तपासणी होते १५,७२० वेळा. कोडं तेच, मोनॅड तोच, उत्तरं तीच ९२.

हा बदल बिनधास्त करता येतो, कारण रिकाम्या लिस्टला काहीही बाइंड केलं तरी रिकामी लिस्टच मिळते. गार्डमधली अट ज्या नावांवर अवलंबून आहे, ती नावं मिळताच गार्ड लावता येतो. त्याच्या खालच्या ज्या ओळींशी अटीचा संबंध नाही, त्यांच्यावरून तो उचलून वर नेला तरी अर्थ बदलत नाही. डू-ब्लॉक वाचताना प्रत्येक गार्डपाशी थांबून विचारा की याला लागणारं शेवटचं नाव कोणत्या ओळीत आलं. गार्डची जागा त्याच्या लगेच खाली.

याच कोडमध्ये एक बारीक गोष्ट आहे. मांडमधल्या पहिल्या दोन ओळींची अदलाबदल केली, म्हणजे आधी र निवडला आणि नंतर मांड (न - १) बोलावलं, तर उत्तरांचा फक्त क्रम बदलतो. पण आता प्रत्येक र साठी आधीच्या सगळ्या ओळींचं काम नव्याने होतं, आणि हे प्रत्येक पातळीवर घडत असल्यामुळे खर्च आठ-आठ पटींनी चढत जातो. र वर अवलंबून नसलेलं काम जीएचसी कधीकधी स्वतःच बाहेर काढतो, पण त्यावर विसंबून राहू नका. महाग आणि स्वतंत्र जनरेटर (← ने पर्याय देणारी ओळ) वर, स्वस्त जनरेटर खाली.

तिसरी पायरी: डावीकडे साचलेले कंस शोधा

उलट [] = []
उलट (क : बाकी) = उलट बाकी ++ [क]

प्रत्येक टप्प्यावर ++ च्या डावीकडे वाढत जाणारी लिस्ट आहे. १०,००० घटकांसाठी ४,९९,९५,००० पेशी नकलल्या जातात. हेच कंस उजवीकडे असते, म्हणजे अ ++ (ब ++ (ड ++ इ)) असे, तर प्रत्येक पेशीची नक्कल जास्तीत जास्त एकदा झाली असती.

उलट हे फंक्शन असं कोणी मुद्दाम लिहीत नाही. पण झाडातून घटक गोळा करणारं फंक्शन, लूप फिरताना निकालाच्या शेवटी एक घटक चिकटवणं, चुका जमवणारा व्हॅलिडेटर, कोड तयार करणारा प्रिंटर, या सगळ्यांत हाच आकार असतो आणि तो नजरेत भरत नाही. ++ च्या डावीकडे स्वतःलाच केलेला कॉल दिसला की तिथे खूण करा.

चौथी पायरी: लिस्टऐवजी लिस्ट जोडणारं फंक्शन वापरा

जॉन ह्यूज यांनी १९८६ मध्ये मांडलेली युक्ती आजही या दुखण्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. लिस्ट साठवायचीच नाही. त्याऐवजी 'मला उरलेली लिस्ट द्या, मी माझे घटक तिच्यापुढे लावून देतो' असं म्हणणारं फंक्शन साठवायचं. याला डिफरन्स लिस्ट म्हणतात.

रिकामी = \श → श
एकच क = \श → क : श
जोड प फ = \श → प (फ श)
लिस्टकर प = प []

आता डावीकडे कंस साचलेली जोडणी उलगडून बघू:

लिस्टकर (जोड (जोड (एकच १) (एकच २)) (एकच ३))
= जोड (जोड (एकच १) (एकच २)) (एकच ३) []
= जोड (एकच १) (एकच २) (एकच ३ [])
= एकच १ (एकच २ (३ : []))
= १ : २ : ३ : []

तिसऱ्या ओळीकडे नीट बघा. कंस आपोआप उजवीकडे सरकला. जोड म्हणजे फंक्शनांचं संयोजन, आणि संयोजन कसंही गटबद्ध केलं तरी शेवटी प्रत्येक फंक्शन एकदाच लागू होतं. एकही पेशी दोनदा बनली नाही.

उलट या रूपात लिहून उलगडलं तर उलट (क : बाकी) श = उलट बाकी (क : श) असं समीकरण मिळतं. संचयक घेऊन लिहिलेलं उलट सगळे हातानेच लिहितात. डिफरन्स लिस्ट वापरली की तोच संचयक प्रत्येक ठिकाणी नव्याने शोधावा न लागता मिळतो.

दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, कन्स्ट्रक्टर मॉड्यूलबाहेर दिसू देऊ नका. लिस्टकडून लिस्टकडे जाणारं कुठलंही फंक्शन या साच्यात बसतं, पण आपल्याला फक्त पुढे जोडणारीच हवी आहेत. कोणी इथे क्रम लावणारं फंक्शन घुसवलं तर सगळी हमी गेली. लिस्टचं या रूपात रूपांतर करून परत आणलं की मूळ लिस्टच मिळते, आणि जोड हे ++ शी जुळतं, या दोन गुणधर्मांच्या क्विकचेक (आपोआप नमुने बनवून तपासणाऱ्या लायब्ररीच्या) चाचण्या लिहून ठेवा.

दोन, मधेच डोकावू नका. लांबी, पहिला घटक, रिकामी आहे का, असं काहीही विचारायचं तर लिस्टकर करावं लागतं, आणि दर वेळी तो खर्च नव्याने भरावा लागतो. आधी सगळं जोडायचं आणि शेवटी एकदाच वाचायचं, अशा कामासाठीच हे रूप आहे. जोडणं आणि वाचणं आलटून पालटून होत असेल तर फिंगर ट्रीवर उभी असलेली सीक्वेन्स घ्या. राल्फ हिंझे आणि रॉस पॅटरसन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या या रचनेत दोन्ही टोकांना घटक लावणं सरासरीने स्थिर खर्चात होतं आणि दोन क्रम जोडायला लहान बाजूच्या लांबीच्या लॉगरिदमइतका खर्च येतो.

पाचवी पायरी: रायटर मोनॅडचा लॉग बदला

प्रत्यक्ष प्रोजेक्टमध्ये डावे कंस सर्वांत जास्त सापडतात ते रायटरमध्ये, म्हणजे कामासोबत लॉग जमवणाऱ्या मोनॅडमध्ये, कारण तिथे ++ दिसतच नाही. लॉगमध्ये नोंद टाकते ती टेल.

फेरी पान = रिटर्न ०
फेरी (गाठ डावी क उजवी) = डू
  अ ← फेरी डावी
  टेल [क]
  ब ← फेरी उजवी
  रिटर्न (अ + ब + १)

वाचायला हा कोड निर्दोष आहे. पण डाव्या उपझाडाचा पूर्ण लॉग इथे प्रत्येक पातळीवर नकलला जातो. झाड संतुलित असेल तर खर्च घटकांची संख्या गुणिले उंची एवढा, जो बऱ्याचदा खपून जातो. झाड डावीकडे झुकलेलं असेल तर तोच वर्गाचा खर्च. म्हणून अशी फंक्शनं चाचणीत पटकन चालतात आणि वाकडा डेटा आला की अडकतात.

दुरुस्ती एका शब्दाची आहे: टेल [क] च्या जागी टेल (एकच क), आणि रायटर चालवून झाल्यावर लॉगवर एकदा लिस्टकर. डिफरन्स लिस्टही मोनॉइडच (रिकामं मूल्य आणि जोडणी असलेली रचना) असल्यामुळे बाकी काहीच बदलत नाही. मी नेहमी नोंद नावाचं छोटं फंक्शन करून टेल तिथेच बंद करतो, म्हणजे पुढे रूप बदलायचं झालं तर एकाच ठिकाणी हात घालावा लागतो.

इथे एक सापळा आहे. रायटर थंकचे (न सोडवलेल्या गणनांचे) ढीग साठवतो ही तक्रार जुनी आहे, आणि त्यावर ट्रान्सफॉर्मर्स पॅकेजच्या ०.५.६ आवृत्तीपासून कंटिन्युएशनच्या (पुढचं काम फंक्शन म्हणून सोबत देण्याच्या) रूपातला सीपीएस रायटर मिळतो. तो चांगला आहे. पण तो आतापर्यंतचा लॉग सोबत घेऊन फिरतो आणि नवी नोंद त्याच्या शेवटी जोडतो, म्हणजे कंस नेहमीच डावीकडे पडतात. साध्या लिस्टचा लॉग ठेवून सीपीएस रायटरवर गेलात तर आधी रेषीय असलेला कोडही वर्गाचा होऊ शकतो. सीपीएस रायटर आणि डिफरन्स लिस्ट ही जोडी सोबतच आणा.

सहावी पायरी: बाइंडलाच कंटिन्युएशनचं रूप द्या

लिस्टचं बाइंड म्हणजे प्रत्येक घटकावर फंक्शन लावून मिळालेल्या लिस्ट ++ ने जोडणं. एकात एक बसलेल्या सहा पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर १० पर्याय असतील, तर उत्तरं १० लाख. पण सर्वांत आत तयार झालेलं प्रत्येक उत्तर बाहेर येताना सहाही पातळ्यांच्या ++ मधून जातं, म्हणजे सुमारे ६० लाख पेशींची नक्कल. साध्या डू-ब्लॉकमध्ये जीएचसी हे बऱ्याचदा वितळवून टाकतो. पातळ्यांची संख्या चालताना ठरत असेल, किंवा मध्ये ट्रान्सफॉर्मरचे (एका मोनॅडवर दुसरा चढवणारे) थर असतील, तर त्याला ते सहसा जमत नाही.

उपाय म्हणजे डिफरन्स लिस्टची कल्पना एक पाऊल पुढे नेणं. शोध म्हणजे दोन गोष्टी मागणारं फंक्शन: उत्तर सापडलं तर काय करायचं (स), आणि उत्तरं संपली तर काय द्यायचं (न).

रिटर्न क = \स न → स क न
म >>= फ = \स न → म (\क बाकी → फ क स बाकी) न
अपयश = \स न → न
किंवा म ग = \स न → म स (ग स न)
लिस्टकर म = म (:) []

बाइंडमध्ये ++ उरलाच नाही. सर्वांत आतल्या रिटर्नला बाहेरचा स थेट मिळतो आणि उत्तराची पेशी एकदाच बनते. फक्त पहिलं उत्तर हवं असेल तर लिस्टही लागत नाही: म (\क _ → जस्ट क) नथिंग. मांड फंक्शनमधल्या [१..८] ला या रूपात आणणारं एक छोटं फंक्शन लिहिलं आणि गार्डला अपयश जोडलं, की राण्यांचा कोड एकही ओळ न हलवता यावर चालतो.

अँडी गिल, जॉन लाँचबरी आणि सायमन पेटन जोन्स यांनी १९९३ मध्ये मधल्या लिस्ट वितळवण्याचा जो नियम दिला, फोल्डआर स न (बिल्ड ग) = ग स न, त्यातला ग म्हणजे हेच रूप. जीएचसी मॅप, फिल्टर आणि लिस्ट कॉम्प्रिहेन्शनवर हा नियम स्वतः लावतो. आपण इथे तेच काम टाइपच्या पातळीवर करून घेतो, म्हणजे ऑप्टिमायझरच्या मर्जीवर राहावं लागत नाही. झाडाच्या आकाराच्या फ्री मोनॅडमध्ये (पायऱ्या न चालवता डेटा म्हणून साठवणाऱ्या मोनॅडमध्ये), जिथे डावीकडे साचलेले बाइंड वर्गाचा खर्च आणतात, तिथे हाच उपाय यानिस फोइग्टलेंडर यांनी २००८ मध्ये सविस्तर मांडला. ट्रान्सफॉर्मरच्या रूपात हे हवं असेल तर लॉजिकटी हा टाइप तयार आहे, स्वतः लिहू नका.

किंमतही सांगतो. हे फंक्शन आहे, डेटा नाही. एकच म दोन ठिकाणी वापरलात तर सगळा शोध दोनदा होतो, लिस्टसारखा साठून राहत नाही. पुन्हा लागणारा निकाल आधी लिस्टकर करून नाव देऊन ठेवा.

सातवी पायरी: आठवण हवी तिथे स्टेट

लिस्टमधले पुनरावृत्त घटक काढणारं नब प्रत्येक नवा घटक आधीच्या सगळ्यांशी ताडून बघतं. १०,००० वेगवेगळ्या घटकांसाठी पुन्हा तोच आकडा: ४,९९,९५,००० तुलना. घटकांना क्रम लावता येत असेल तर पाहिलेल्या घटकांचा सेट स्टेट मोनॅडमध्ये (बदलती स्थिती सोबत नेणाऱ्या मोनॅडमध्ये) ठेवा:

एकदाच श = इव्हॅलस्टेट (फिल्टरएम नवं श) रिकामा_सेट

नवं क = डू
  पाहिलेले ← गेट
  पुट (इन्सर्ट क पाहिलेले)
  रिटर्न (नॉटमेंबर क पाहिलेले)

आता प्रत्येक घटकाला लॉगरिदमइतकाच खर्च. इथे आळशी स्टेट वापरलात तर अनंत लिस्टवरही पहिले पाच वेगळे घटक मिळवता येतात. कडक स्टेट घेतला तर फिल्टरएम शेवटाला पोहोचल्याशिवाय काहीच हाती देत नाही. मोजणीसारख्या संचयकासाठी मात्र उलट सल्ला: कडक स्टेट आणि मॉडिफायचं कडक रूप, नाहीतर न सोडवलेल्या बेरजांची लांबलचक साखळी मेमरीत साचते.

याच कारणाने आयओमध्ये लांब लिस्टवर मॅपएम जपून वापरा. ते सगळे निकाल गोळा करून मगच परततं. निकाल नकोच असतील तर मॅपएम_ लिहा, मग लिस्ट वाहत जाते, साठत नाही.

आणि कामच मधल्या घटकांपर्यंत उड्या मारण्याचं असेल, उदाहरणार्थ चाळणी पद्धतीने मूळ संख्या काढणं, तर लिस्टचा हट्ट सोडा. १९९४ मध्ये लाँचबरी आणि पेटन जोन्स यांनी मांडलेला एसटी मोनॅड याचसाठी आहे: आत बदलता येणारा ॲरे, बाहेरून शुद्ध फंक्शन. बदलता येणारा संदर्भ बाहेर निसटू नये याची काळजी रनएसटीचा टाइपच घेतो. लिस्टचा ॲरे एकदा करा, काम संपवा, आणि लागलीच तर शेवटी लिस्ट परत द्या.

हॅस्केल सोडून इतरत्र

ओकॅमल आणि एफ-शार्पमधला @, स्कालातला :::, हे सगळे डाव्या बाजूची नक्कल करतात, त्यामुळे तिसरी आणि चौथी पायरी तिथेही लागू पडते. फरक दोन ठिकाणी पडतो. या भाषा कडक आहेत, म्हणून फ्लॅटमॅपची प्रत्येक पातळी मधली लिस्ट पूर्ण उभी करते. पहिलंच उत्तर हवं असेल तर स्कालात इटरेटर किंवा लेझीलिस्ट आणि एफ-शार्पमध्ये सेक वापरावं लागतं. दुसरा फरक स्टॅकचा. हजारो फंक्शनांचं संयोजन करून बनवलेली डिफरन्स लिस्ट जेव्हीएमवर (स्काला सहसा जिच्यावर चालते ती यंत्रणा) उलगडताना स्टॅक ओव्हरफ्लो होऊ शकते. तिथे ट्रॅम्पोलिन (कॉल स्टॅकवर न साचवता लूपमधून चालवणं) लावण्यापेक्षा स्थानिक लिस्टबफर वापरून फंक्शनच्या शेवटी लिस्ट परत करणं मला जास्त पटतं: बदल फंक्शनच्या आतच राहतो, आणि बाहेरच्या कोडला ते शुद्धच दिसतं.